कॅनडाचे खासदार मायकल चॉंग कोण आहेत? चीनने त्यांच्यावर निर्बंध का लावले?

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅनडाच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, एका ठरावावर मतदान झालं. बाजूने २६६ मतं पडली, विरोधात एकही नाही. चीनच्या शिंजियांग प्रांतात उइगर आणि इतर तुर्किक मुस्लिमांचा वंशसंहार सुरू आहे, असं या ठरावात म्हटलं होतं.

आकडा बघून वाटेल की अख्खा देश एका सुरात बोलला. पण ३३८ जणांच्या या सभागृहात त्या दिवशी सरकारच जागेवर नव्हतं. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो आणि त्यांचे मंत्री मतदानापासून लांब राहिले. मंत्रिमंडळातून एकटे परराष्ट्रमंत्री मार्क गार्नो हजर होते, आणि कॅनडा सरकारच्या वतीने आपण तटस्थ राहतोय एवढं सांगून ते मोकळे झाले. ट्रुडोंच्या स्वतःच्या लिबरल पक्षाचे बहुतेक साधे खासदार मात्र ठरावाच्या बाजूने गेले.

हा ठराव मांडला होता विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार मायकल चॉंग यांनी. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. त्यामुळे कोणताही कायदा बदलला नाही, कोणताही व्यापार थांबला नाही. तरीही पाच आठवड्यांच्या आत चीनने चॉंग यांच्यावर निर्बंध लावले. आणि दोन वर्षांनी समोर आलं की प्रकरण तेवढ्यावर थांबलेलं नव्हतं. हाँगकाँगमधल्या त्यांच्या नातेवाइकांची माहिती काढण्याचा प्रयत्न झाला होता, आणि कॅनडाच्या सरकारी यंत्रणेला ते माहीत असूनही चॉंग यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हातात कुठलीही सत्ता नसलेला एक खासदार परराष्ट्र धोरणात किती फरक पाडू शकतो, आणि त्यासाठी त्याला काय मोजावं लागतं, हे समजून घ्यायला हे प्रकरण मुळापासून बघायला हवं.

कोण आहेत मायकल चॉंग?

चॉंग यांचा जन्म १९७१ सालचा, ओंटारिओ प्रांतातल्या विंडसर शहरातला. वडील हाँगकाँगहून कॅनडात आलेले, आई नेदरलँड्सची. दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही ठिकाणी कॅनडाचे सैनिक लढले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्यापासून हाँगकाँग वाचवायला जवळपास दोन हजार कॅनेडियन सैनिक लढले होते, आणि युद्धाच्या शेवटी नेदरलँड्स नाझींच्या ताब्यातून सोडवण्यात कॅनडाच्या फौजांचा मोठा वाटा होता. परराष्ट्र धोरण ही या घरासाठी पेपरातल्या आतल्या पानावरची बातमी नव्हती.

चॉंग २००४ मध्ये वेलिंग्टन-हाल्टन हिल्स या मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आले. टोरंटोच्या पश्चिमेला असलेला हा बराचसा ग्रामीण भाग. फेब्रुवारी २००६ मध्ये स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले आणि चॉंग पस्तिशीच्या आतच मंत्री झाले.

मंत्रिपद टिकलं साडेनऊ महिने. नोव्हेंबर २००६ मध्ये हार्पर यांनी एक ठराव आणला. क्यूबेकचे लोक हे अखंड कॅनडातलं एक राष्ट्र आहेत, असं मान्य करणारा. चॉंग यांना हे पटलं नाही. राष्ट्रीयत्व वंशावर नाही तर नागरिकत्वावर ठरावं, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी मतदानाच्याच दिवशी, २७ नोव्हेंबरला, मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. तेव्हापासून चॉंग पुन्हा कधीही मंत्री झालेले नाहीत.

खासदार मोठा की पक्षनेता?

परराष्ट्र धोरणाकडे वळण्याआधी चॉंग यांच्या एका वेगळ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

कॅनडात पक्षनेत्याचा खासदारांवर प्रचंड वचक असतो. २०१५ पर्यंत तर कायद्यानेच अशी सोय होती की पक्षनेत्याची सही असल्याशिवाय कुणालाही पक्षाची उमेदवारी मिळायची नाही. म्हणजे नेत्याशी वाकडं घेतलं की पुढच्या निवडणुकीला घरी बसायची तयारी ठेवायची. महाराष्ट्राने २०२२ पासून पक्षफुटी आणि व्हिपवरून एवढा काथ्याकूट पाहिलाय की हा विषय वेगळा समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की कॅनडात आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. तिथे व्हिप मोडला म्हणून खासदारकी जात नाही. पण उमेदवारी जाऊ शकते, समितीतली जागा जाऊ शकते, आणि बहुतेकांना तेवढी भीती पुरते.

चॉंग यांनी यावर एक खासगी विधेयक आणलं. त्याचं नाव रिफॉर्म अॅक्ट. उमेदवारीवरचा नेत्याच्या सहीचा हक्क कायद्यातून काढायचा, आणि पक्षाच्या खासदारांना हवं असेल तर गुप्त मतदानाने नेत्याला हटवता यावं, असे यातले मुख्य मुद्दे. मूळ मसुदा बराच पातळ करावा लागला. नेता हटवण्याचा अधिकार घ्यायचा की नाही, हे प्रत्येक पक्षाच्या खासदारांनी दर निवडणुकीनंतर स्वतः ठरवायचं, अशी तडजोड झाली. तरीही २५ फेब्रुवारी २०१५ रोजी हाऊस ऑफ कॉमन्सने ते २६० विरुद्ध १७ मतांनी मंजूर केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा कायदा झाला. विरोधात किंवा मागच्या बाकावर बसलेल्या खासदाराचं खासगी विधेयक कायद्यापर्यंत पोहोचणं ही कॅनडातही विरळाच गोष्ट आहे. भारतात तर १९७० नंतर एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही.

या कायद्याचा पहिला मोठा वापर झाला तो चॉंग यांच्याच पक्षात. २ फेब्रुवारी २०२२ रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी आपले नेते एरिन ओ'टूल यांना पदावरून दूर केलं.

२०१७ मध्ये चॉंग स्वतः पक्षनेतेपदाच्या शर्यतीत उतरले होते. कार्बन करासारखी पक्षाला न रुचणारी भूमिका घेऊन उतरले आणि पाचवे आले. त्याच वर्षी मार्चमध्ये लिबरल खासदार इकरा खालिद यांच्या, इस्लामोफोबियाचा निषेध करणाऱ्या एका ठरावावर मतदान झालं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातून त्याच्या बाजूने फक्त दोन मतं पडली. त्यातलं एक चॉंग यांचं होतं.

कॅनडाचं परराष्ट्र धोरण ठरवतं कोण?

उत्तर सोपं आहे: सरकार. कॅनडाची व्यवस्था ब्रिटिश पद्धतीची आहे. कोणत्या देशाला मान्यता द्यायची, कुणाशी करार करायचा, कुठला राजदूत परत बोलवायचा, कुणावर निर्बंध लावायचे, हे सगळे निर्णय मंत्रिमंडळाच्या हातात असतात. या बाबतीत भारताचं चित्रही फार वेगळं नाही.

मग विरोधी खासदाराच्या हाती काय उरतं? रोजचा प्रश्नोत्तराचा तास असतोच, पण तो बहुतेक वेळा टीव्हीवरच्या क्लिपपुरता असतो. खरं काम तीन-चार ठिकाणी होतं.

पहिलं म्हणजे विरोधी पक्षांचे राखीव दिवस. वर्षाला साधारण २२ दिवस असे असतात की सभागृहात कोणता विषय घ्यायचा हे विरोधक ठरवतात. उइगर ठराव अशाच एका दिवशी आला. दुसरं, संसदीय समित्या. इथे साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रं मागता येतात. तिसरं, खासगी विधेयक. आणि चौथं हत्यार क्वचितच बाहेर निघतं, ते म्हणजे आपल्याकडे ज्याला हक्कभंग म्हणतात तो प्रस्ताव. चॉंग यांच्या गोष्टीत हे शेवटचं हत्यारही पुढे येणार आहे.

खासगी विधेयकातून परराष्ट्र धोरणाला खरंच वळण लागल्याचं कॅनडातलं ठळक उदाहरण म्हणजे मॅग्निट्स्की कायदा. रशियातला भ्रष्टाचार उघड करणारे सर्गेई मॅग्निट्स्की यांचा २००९ मध्ये मॉस्कोच्या तुरुंगात मृत्यू झाला. माजी कायदामंत्री आणि खासदार आयर्विन कॉटलर यांनी अनेक वर्षं हा विषय लावून धरला, सिनेटर रेनेल अँड्रेचक यांनी विधेयक आणलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचा कायदा झाला. दुसऱ्या देशातल्या एखाद्या अधिकाऱ्याने मानवाधिकारांचं गंभीर उल्लंघन केलं असेल, तर त्याची कॅनडातली मालमत्ता गोठवायची मुभा या कायद्याने सरकारला मिळाली. पुढच्याच महिन्यात रशिया, व्हेनेझुएला आणि दक्षिण सुदानमधल्या ५२ जणांवर तो वापरला गेला.

ठरावाची गोष्ट वेगळी. ठराव मंजूर झाला तरी सरकार तो बासनात बांधून ठेवू शकतं. इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्सना दहशतवादी संघटना ठरवावं, हा चॉंग यांचे पक्षसहकारी गार्नेट जेनुइस यांचा ठराव जून २०१८ मध्ये मंजूर झाला. सरकारी पक्षानेही बाजूने मत दिलं होतं. प्रत्यक्ष निर्णय व्हायला जून २०२४ उजाडलं.

उइगर ठराव कसा आला?

सप्टेंबर २०२० मध्ये चॉंग यांच्याकडे पक्षाने परराष्ट्र खातं सोपवलं. सोपवलं म्हणजे त्या खात्याच्या मंत्र्याला जाब विचारायची जबाबदारी दिली. तिथे याला शॅडो मिनिस्टर म्हणतात.

कॅनडा आणि चीनचे संबंध तेव्हा तळाला गेले होते. डिसेंबर २०१८ मध्ये व्हँकुव्हर विमानतळावर हुवावे कंपनीच्या मेंग वानझोउ यांना अमेरिकेच्या विनंतीवरून अटक झाली. दहाच दिवसांत चीनने मायकल कोवरिग आणि मायकल स्पेव्हर या दोन कॅनेडियन नागरिकांना ताब्यात घेतलं. ‘टू मायकल्स’ हा शब्द त्या काळात कॅनडाच्या घराघरांत पोहोचला होता.

चॉंग यांचा पहिला मोठा ठराव नोव्हेंबर २०२० चा. हुवावेला ५जी नेटवर्कमध्ये घ्यायचं की नाही हे सरकारने ३० दिवसांत ठरवावं, आणि कॅनडाच्या भूमीवर चीनकडून होणारी दमदाटी रोखण्याची योजना आणावी. १७९ विरुद्ध १४६ मतांनी ठराव मंजूर झाला. सरकार तेव्हा अल्पमतात असल्यामुळे विरोधक एकत्र आले की हे शक्य होत होतं. मुदत संपली तरी निर्णय आला नाही. हुवावेवर बंदी आली ती १९ मे २०२२ रोजी, म्हणजे दीड वर्षाने.

दरम्यान शिंजियांगबद्दलची माहिती जमा होत होती. कॅनडासाठी हा विषय नवा नव्हता. हुसेन जेलील हे उइगर वंशाचे कॅनेडियन नागरिक २००६ मध्ये उझबेकिस्तानात पकडले गेले आणि तिथून चीनकडे सोपवले गेले, तेव्हापासून त्यांचं नाव ओटावात अधूनमधून घेतलं जात होतंच. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानवाधिकारांवरच्या संसदीय उपसमितीने छावण्यांतून सुटलेले लोक, अभ्यासक आणि तज्ज्ञ यांच्या साक्षी घेतल्या. लाखो लोकांना छावण्यांत डांबणं, सक्तीची मजुरी, महिलांवर लादलेली नसबंदी आणि गर्भनिरोधनाचे उपाय असं बरंच काही त्यात समोर आलं. २१ ऑक्टोबर २०२० रोजी या उपसमितीने हा वंशसंहार असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. चॉंग यांचा ठराव चार महिन्यांनी आला, तो या कामावर उभा होता. बातम्यांमध्ये हा भाग सहसा सुटतो आणि सगळं श्रेय एका मतदानाला जातं.

‘वंशसंहार’ हा शब्द एवढा जड का?

कारण तो कायद्यातला शब्द आहे. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्याची व्याख्या केली आहे. एखाद्या वांशिक, धार्मिक किंवा राष्ट्रीय गटाला पूर्ण किंवा अंशतः संपवण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्यं त्यात मोडतात. माणसं मारणं हे त्यातलं एक. गटात मुलं जन्मालाच येऊ नयेत म्हणून उपाय लादणं हेही त्यातलंच. त्यामुळे सामूहिक हत्याकांड झालं नसतानाही वंशसंहार म्हणता येतो का, हा वाद उइगरांच्या बाबतीत लोकसंख्येच्या आकड्यांवर आणि हेतूच्या पुराव्यावर येऊन ठेपतो.

ट्रुडो यांचं म्हणणं होतं की हा शब्द फार वजनदार आहे, तो जपून वापरायला हवा आणि त्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय पातळीवर नीट तपास करून व्हावा. सरकारची दुसरी अडचण उघड होती, ती बोलून दाखवायची गरज नव्हती. दोन्ही मायकल अजून चीनच्या तुरुंगात होते, आणि चीन हा अमेरिकेनंतर कॅनडाचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार होता.

ठरावात ब्लॉक क्यूबेक्वा पक्षाने एक दुरुस्तीही जोडली: हे असंच चालू राहिलं तर २०२२ चं हिवाळी ऑलिंपिक बीजिंगमधून हलवावं. ऑलिंपिक हललं नाही. पण तीनच दिवसांत नेदरलँड्सच्या संसदेने तसाच ठराव मंजूर केला आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेने. नेदरलँड्स म्हणजे चॉंग यांच्या आईचा देश. हा अर्थातच योगायोग.

दीड वर्षाने, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा शिंजियांग अहवाल आला. तिथे जे घडलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. वंशसंहार हा शब्द त्यात नव्हता. चीनने पहिल्यापासून हे सगळे आरोप फेटाळले आहेत. छावण्या नसून व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं आहेत, असं त्यांचं म्हणणं. चॉंग यांचा शब्द बरोबर की ट्रुडोंची सावधगिरी, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. मला विचाराल तर शब्दापेक्षा मंत्रिमंडळाची गैरहजेरी जास्त बोलकी होती. विरोधात मत द्यायची हिंमत नाही आणि बाजूने द्यायची इच्छा नाही, असा तो दिवस होता.

चीनने काय केलं?

२२ मार्च २०२१ रोजी कॅनडा सरकारने अमेरिका, ब्रिटन आणि युरोपियन युनियन यांच्यासोबत शिंजियांगमधल्या चार अधिकाऱ्यांवर आणि एका संस्थेवर निर्बंध लावले. ठरावाला महिना झाला होता. सरकारने शब्द टाळला होता, पण पाऊल उचललं.

२७ मार्चला चीनचं उत्तर आलं. कॅनडाच्या यादीत एकच व्यक्ती होती, मायकल चॉंग. सोबत ती मानवाधिकार उपसमिती. निर्बंध लावणारं सरकार बाजूला राहिलं आणि यादीत आले ते संसदेतले लोक. चॉंग यांना चीन, हाँगकाँग आणि मकाऊ इथे प्रवेश बंद झाला. हा आपल्याला मिळालेला बहुमानच समजतो, अशा अर्थाची प्रतिक्रिया तेव्हा त्यांनी दिली.

तोवर हे सगळं राजकीय पातळीवरचं भांडण वाटत होतं.

मग २०२३ मध्ये काय उघड झालं?

१ मे २०२३ रोजी ‘द ग्लोब अँड मेल’ या वृत्तपत्राने कॅनडाच्या गुप्तचर संस्थेचा, म्हणजे सीएसआयएसचा, २०२१ मधला एक दस्तऐवज बातमीत आणला. चीनच्या गुप्तचर यंत्रणेचा एक अधिकारी एका कॅनेडियन खासदाराच्या चीनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांची माहिती काढत होता, असं त्यात होतं. हेतू असा की त्या खासदाराला धडा शिकवायचा, म्हणजे बाकीचे आपोआप गप्प बसतील. हा खासदार म्हणजे चॉंग, आणि या प्रयत्नात टोरंटोच्या चिनी वाणिज्य दूतावासातले झाओ वेई यांचा हात होता, असं बातमीत म्हटलं होतं. चीनने आरोप फेटाळले.

चॉंग यांना ही गोष्ट वृत्तपत्रातून कळली. सीएसआयएसकडे माहिती २०२१ पासून होती. झाओ वेई या काळात टोरंटोतच काम करत होते, अधिकृत राजनैतिक परवान्यावर.

आता प्रश्न आला, माहिती अडली कुठे? सुरुवातीला ट्रुडो म्हणाले की सीएसआयएसने ती आपल्या पातळीवरच ठेवली, पुढे पाठवलीच नाही. काही दिवसांतच चॉंग यांनी सभागृहात सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी आपल्याला वेगळंच सांगितलंय. हा दस्तऐवज संबंधित खात्यांकडे आणि पंतप्रधानांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या कार्यालयापर्यंत गेला होता. नंतर माजी गव्हर्नर जनरल डेव्हिड जॉन्स्टन यांच्या अहवालातून आणखी एक तपशील आला. मे २०२१ मध्ये सीएसआयएसने सार्वजनिक सुरक्षामंत्री बिल ब्लेअर यांच्यासाठी एक टिपण पाठवलं होतं, पण ते अतिगोपनीय ईमेल यंत्रणेतून गेलं, आणि मंत्र्यांना त्या यंत्रणेत प्रवेशच नव्हता. कुणी छापून हातात दिलं नाही म्हणून मंत्र्यांनी वाचलं नाही. सरकारी कारभाराचा ज्याला थोडाही अनुभव आहे त्याला यात कटापेक्षा ढिलाईच जास्त दिसेल. पण परिणाम तोच झाला. परदेशी यंत्रणेच्या निशाण्यावर असलेला एक खासदार दोन वर्षं अंधारात राहिला.

इथे चॉंग यांनी ते चौथं हत्यार काढलं. एखाद्या खासदाराला त्याच्या मतदानाबद्दल धमकावणं हा सगळ्या सभागृहाच्या हक्काचा भंग आहे, असं म्हणत त्यांनी हक्कभंगाचा मुद्दा मांडला. ८ मे २०२३ रोजी सभापती अँथनी रोटा यांनी त्यात प्रथमदर्शनी तथ्य असल्याचा निर्णय दिला आणि प्रकरण समितीकडे गेलं. हक्कभंग म्हटलं की आपल्याकडे पत्रकार किंवा अधिकाऱ्याला नोटीस, असं डोळ्यासमोर येतं. इथे समोर एका परक्या देशाचा राजनैतिक अधिकारी होता.

त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री मेलनी जोली यांनी झाओ वेई यांना देश सोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चीनने शांघायमधल्या कॅनडाच्या एका अधिकाऱ्याला परत पाठवलं. मे महिन्यातच सरकारने सीएसआयएसला लेखी आदेश काढला की खासदारांना धोका असल्याची माहिती मिळाली तर त्यांना कळवायचं. त्यानंतर एनडीपीच्या जेनी क्वान आणि एरिन ओ'टूल यांनाही आपण लक्ष्य होतो हे अधिकृतपणे सांगण्यात आलं.

ऑगस्टमध्ये आणखी एक माहिती आली. झाओ वेई यांच्या हकालपट्टीच्या सुमारास, ४ ते १३ मे दरम्यान, वीचॅट या चिनी अॅपवर ७२ अकाउंट्सवरून चॉंग यांच्याविरोधात खोटी आणि दिशाभूल करणारी मोहीम चालवली गेली होती. परराष्ट्र खात्याच्या अंदाजानुसार २० ते ५० लाख लोकांनी हा मजकूर पाहिला.

पुढच्या महिन्यात चॉंग वॉशिंग्टनला गेले आणि चीनविषयक अमेरिकी संसदीय आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. पण हा विषय एकट्या खासदाराचा नाही. परदेशात नातेवाईक असलेल्या आणि तिथल्या सरकारवर टीका करणाऱ्या कुठल्याही स्थलांतरित कुटुंबाला हा दबाव माहीत असतो. चॉंग यांच्याकडे निदान सभागृहातला माइक होता.

यातून कायदा काय बदलला? भारताचा संबंध कुठे येतो?

चॉंग यांचे पक्षसहकारी केनी चिऊ यांनी एप्रिल २०२१ मध्येच एक खासगी विधेयक आणलं होतं. परदेशी सरकारांसाठी कॅनडात लॉबिंग करणाऱ्यांनी नोंदणी करावी, असं ते विधेयक. त्यावरून चिनी भाषक समाजमाध्यमांवर गैरसमज पसरवले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिऊ निवडणूक हरले. हरण्याचं कारण तेवढंच होतं असं म्हणता येणार नाही.

चॉंग प्रकरणाने तीच कल्पना सरकारी विधेयकाच्या रूपात परत आली. ६ मे २०२४ रोजी मांडलेलं सी-७० विधेयक दीड महिन्यात, २० जूनला कायदा झालं. परदेशी सरकारच्या वतीने राजकीय प्रभाव टाकणाऱ्यांची नोंदवही, हस्तक्षेपासाठी नवे गुन्हे, आणि सीएसआयएसला गोपनीय माहिती सरकारबाहेरच्यांनाही सांगण्याची मुभा, हे त्यातले मुख्य भाग. चॉंग यांना का सांगितलं नाही, या प्रश्नावर आधी कायद्याकडे बोट दाखवलं जायचं. आता ती सबब बरीच कमी झाली.

विरोधकांच्या रेट्याने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती मारी-जोझे होग यांचा चौकशी आयोगही नेमला गेला. २८ जानेवारी २०२५ च्या अंतिम अहवालात त्यांनी म्हटलं की परदेशी हस्तक्षेप खरा आहे, पण त्यामुळे कोणता पक्ष सत्तेवर आला हे बदललेलं नाही. याच अहवालात हस्तक्षेप करणाऱ्या देशांमध्ये चीननंतर भारताचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने हे फेटाळून लावलं आणि उलट कॅनडाच भारताच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ करतो असं म्हटलं. जून २०२३ मध्ये हरदीपसिंग निज्जर यांची हत्या झाल्यापासून दोन्ही देशांचे संबंध किती ताणले गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी कसे बाहेर काढले, हे आपण वाचलंच आहे. सी-७० कायदा कुठल्याही देशाचं नाव घेत नाही. चीनच्या प्रकरणातून जन्मलेला हा कायदा भारताशी संबंधित प्रकरणांनाही तसाच लागू होतो.

चॉंग यांच्यावर आक्षेप काय आहेत?

मुख्य आक्षेप निवडकपणाचा. चीन आणि इराण या देशांबद्दल कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची मानवाधिकारांची भाषा धारदार असते, पण सगळीकडे तशीच नसते. मार्च २०२४ मध्ये गाझाबाबतचा एनडीपीचा ठराव बऱ्याच दुरुस्त्यांनंतर २०४ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झाला. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष विरोधात होता, आणि पक्षाची परराष्ट्र धोरणाची बाजू सांभाळणारे चॉंगच होते. पक्षाने याची कारणं दिली, दहशतवादाचा मुद्दा मांडला. तरी शिंजियांगबद्दल संसदेने शब्द उच्चारायलाच हवा म्हणणारा माणूस इथे सावध का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा आक्षेप: विरोधी बाकावरून कडक बोलणं स्वस्त असतं. व्यापार आणि अटकेतले नागरिक सांभाळायचे असतात ते सरकारला. यात तथ्य आहे. कोवरिग आणि स्पेव्हर सुटले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, मेंग यांच्या प्रकरणात अमेरिकेशी तडजोड झाल्यावर. संसदेच्या ठरावाचा त्यात वाटा नव्हता.

पण विरोधी बाकावरचं बोलणं चॉंग यांना तरी स्वस्त पडलेलं नाही. आणि उइगरांच्या विषयावर नंतर सरकारी पक्षातलेही खासदार पुढे आले. लिबरल खासदार समीर झुबेरी यांनी १०,००० उइगर निर्वासितांना कॅनडात आसरा देण्याचा ठराव मांडला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तो ३२२ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. यावेळी ट्रुडो आणि त्यांचे मंत्रीही मतदानात होते.

२८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत चॉंग पुन्हा निवडून आले. मतदारसंघाच्या सीमा बदलल्यामुळे त्याचं नाव आता वेलिंग्टन-हाल्टन हिल्स नॉर्थ असं झालंय. निवडणूक लिबरल पक्षाने जिंकली, मार्क कार्नी पंतप्रधानपदी कायम राहिले. दोन दशकांहून अधिक काळ खासदार असलेले चॉंग पुन्हा एकदा विरोधी बाकावर बसले.